खळ जाईपर्यंत

अक्कलकोट रोडला दुपारी दोन वाजता
पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्री,
आणि विरूपाक्ष हत्तुरे चार टायरांच्या उतरंडीवर बसलेले,
ओला पंचा मानेभोवती.
"कुठला देऊ?"
मला ठाऊक होतं.
तीन महिने आकडे उतरवले होते
डायहाऊसच्या वहीत, मागच्या पानांवर,
निळ्या-लाल रंगांच्या मापांशेजारी.
सगळ्यात मऊ तो.
ज्याला खाचा जवळजवळ नाहीतच,
दोन-चार ओरखडे, कायद्यापुरते.

"वर्षातनं ट्रॅकवर किती दिवस जाता?"
दोन.
"मग कोइमतूरला गाडी काय ट्रकात घालून नेता?"
नाही. चालवत. ह्याच चाकांवर.
ते "बरं" म्हणाले.
असं बरं मी बापाकडून ऐकलंय,
गिऱ्हाईक कच्च्या रंगाची चादर निवडायचं तेव्हा.

मी त्यांना चित्रदुर्ग सांगितलं नाही.
गेल्या जुलैत, पुलाच्या अलीकडे,
रस्त्यावर बोटभर पाणी,
आणि स्टिअरिंग एकाएकी हलकं,
कांडी संपलेला धोटा
जसा इकडून तिकडे नुसताच पळतो
आणि कापड होत नाही.
एक सेकंद. फार तर दीड.
मग रस्ता परत हाताला लागला.

हत्तुऱ्यांनी कापलेला एक टायर पुढ्यात टाकला.
"आत बघा."
रबराच्या मांसात धागे.
उभे दाट, आडवे नावाला,
असं कापड आमच्या गल्लीतून परत आलं असतं.
पर्समधलं भिंग काढून मी मोजलेच:
इंचाला सत्तावीस.
"काय मोजताय?" ते हसले,
"मोजून कोण टायर घेतंय का, मॅडम!"
आठ माग भंगारात गेले तेव्हा
माझ्या वाट्याला हे भिंग आलं.
एवढं सगळं कशाला सांगायचं.

तापमानाचं मात्र मला सांगावं लागत नाही.
साठच्या खाली रंग सुताला धरत नाही,
वर-वर बसतो, पहिल्या धुण्याला सोडून जातो.
मऊ टायर तसाच. तापल्याशिवाय जागा होत नाही.
ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला तो डांबर चावतो,
पण डिसेंबरात सकाळी सहाला होटगी रोडवर
तो झोपेतलं पोर, कडेवर घ्यावं तर घसरतं.
आणि दर वेळी तापून निवताना
थोडा थोडा टणक होत जातो, न झिजताच.

"दोनशे नंबरवाला न्या," हत्तुरे म्हणाले,
"मधला हाय. दोन्हीकडं चालतोय."
मधला हा शब्द मला आवडत नाही.
लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी,
गाडीच्या रंगाच्या वेळीसुद्धा
कुणी ना कुणी मधला काढून दाखवलाय.
फेरीला दीड सेकंद जाणार, मला माहीत होतं.
तेच दीड सेकंद.
मी ते पत्र्याखाली ठेवले
आणि पैसे मोजले.

बिलावर नाव: श्रीलता यनगंदुल.
"यनगंदुल? म्हंजे साखर पेठेतल्या मागवाल्यांच्या?"
होते, म्हटलं.
त्यांनी हवा भरली, दोनदा तपासली,
पुढच्या चाकांतली थोडी सोडली,
आणि टायरवर तळवा फिरवत म्हणाले,
"शंभर किलोमीटर जपून.
साच्याचं तेल असतंय वर.
नव्या धोतरागत, खळ जाईपर्यंत धरणार नाही."

आमचा शब्द, त्यांच्या काळ्या हातात.

मग मी तीसच्या वेगाने घरी निघाले,
एवढे महाग टायर, आणि मागून हॉर्न.
सायकलवरच्या पोराने वाकून चाकं पाहिली.
एमआयडीसीच्या वळणावर
पाण्याचा टँकर मला मागे टाकून गेला,
गळत,
डांबरावर ओली रेघ सोडत
पार चौकापर्यंत.
मी त्या रेघेवर चाक घातलं नाही.
आज नाही.